परबकाकांचं काळजीचं टाइमटेबल

सकाळी सात वाजून दहा मिनिटांनी तुम्ही परबकाकांना म्हणालात, "काका, आज पाणी आलं नाही हो," तर ते हळहळत नाहीत, महापालिकेला शिव्या देत नाहीत, वर टाकीकडेही बघत नाहीत. ते मनगटावरच्या घड्याळाकडे बघतात, खिशातून एक कोरी चिठ्ठी काढतात, तिच्यावर तुमच्या खोलीचा नंबर लिहितात आणि ती तुमच्या हातात ठेवून म्हणतात, "पाच सहा."

म्हणजे संध्याकाळी पाच वाजून सहा मिनिटांनी पंपरूमच्या शेजारच्या बाकावर यायचं आणि पाण्याची काळजी तेव्हा करायची. तोवर करायची नाही. आमच्या इमारतीत काळजीची वेळ पाच ते साडेपाच आहे.

हे पहिल्यांदा माझ्याशी झालं तेव्हा मी जिन्यातच उभा राहिलो. मी सोसायटीचा सेक्रेटरी. विक्रोळी पूर्वेची आमची जुनी इमारत, तळमजला धरून चार मजले, बत्तीस खोल्या. त्या बत्तीस खोल्यांना पाणी नाही आणि हा माणूस मला दहा तासांनंतरची वेळ देतोय. मी म्हणालो, "परबकाका, मस्करीची वेळ आहे का ही?"

"मस्करी कसली, गायकवाड. पाच बारा देऊ काय? पाच सहाला घाई होईत तुम्हाला."

सात चाळीसला पाणी आलं. मी ऑफिसला गेलो आणि विषय विसरलो. संध्याकाळी घरी आलो तर आमच्या मिसेसनी, संगीताने, दार उघडता उघडताच सांगितलं, "अहो, परबकाका दोनदा येऊन गेले. तुमची काळजी राहिलीय म्हणे." तेवढ्यात तिसऱ्यांदा बेल वाजली. दारात परबकाका, हातात लाल पेन.

"पाच सहाची गाडी होती तुमची. आला नाहीत."

"अहो, पाणी आलं ना सकाळीच."

"मग रद्द झाली ता कळवूक नको? एक गाडी रिकामी गेली माझी." आणि माझ्या डोळ्यांसमोर त्यांनी चिठ्ठीवर लाल पेनाने "रद्द" असं लिहिलं, खाली सही केली आणि मलाही करायला लावली.

दत्ताराम परब बसच्या डेपोत टाइमकीपर होते. चौतीस वर्षं त्यांनी कुठली गाडी किती वाजता सुटली आणि किती वाजता परत आली एवढंच लिहिलं. मूळचे मालवणकडचे. जन्म मुंबईतला असला तरी "नाय" आणि "ता" काही तोंडातून गेले नाहीत. वय अडुसष्ट. तळमजल्यावर तीन नंबरच्या खोलीत एकटे राहतात. बायको नऊ वर्षांपूर्वी गेली, मुलगी नंदा लग्न होऊन चेंबूरला. माणूस सरळ, निर्व्यसनी आणि वेळेच्या बाबतीत असह्य. पूजेचं आमंत्रण दिलं आणि गुरुजी वीस मिनिटं उशिरा आले, तर परबकाका गुरुजींना कारण लेखी मागतात. हे मी ऐकून सांगत नाही. पूजा आमच्याच घरी होती.

आता अशा माणसाचा आणि मानसिक आरोग्याचा संबंध कुठून आला? तो उशिरामुळेच आला.

आमच्या वॉर्डातल्या दवाखान्यात परबकाका दर महिन्याला रक्तदाबाच्या गोळ्या आणायला जातात. तिथल्या भिंतीवर एक कागद लागला होता: मनाच्या आरोग्याचा वर्ग, ताणतणावांना तोंड कसं द्यावं, आठ आठवडे, दर गुरुवारी सकाळी अकरा वाजता, मोफत. अकरा वाजले, सव्वाअकरा झाले, वर्ग सुरू होईना. अकरा वीसला शिकवणारी मुलगी धावतपळत आली. परबकाकांना वर्गाशी काही देणंघेणं नव्हतं. ते नुसते तक्रार करायला आत गेले. तिने घाबरून माफी मागितली आणि "काका, बसा ना" म्हणाली. ते बसले आणि पुढे आठही गुरुवार बसले. दुसऱ्या गुरुवारपासून वर्ग बरोबर अकराला सुरू होऊ लागला, हेही सांगायला हवं.

त्या वर्गात आधी आणि शेवटी एक फॉर्म भरून घेत. अशा शिकवण्याचा लोकांना उपयोग होतो की नाही, यावर त्या मुलीच्या संस्थेचा अभ्यास चालला होता. फॉर्ममध्ये प्रश्न असे: गेल्या दोन आठवड्यांत तुम्हाला किती दिवस अस्वस्थ वाटलं? उत्तरं चार: एकही दिवस नाही, काही दिवस, निम्म्याहून जास्त दिवस, जवळजवळ रोज. परबकाकांनी चारही उत्तरं खोडली आणि बाजूला लिहिलं, "मंगळवार दु. २.१० ते २.४०, शुक्रवार स. ६.०५ (थोडेसेच)". फॉर्म परत आला. त्यांनी तो तसाच परत पाठवला.

मला हे सगळं त्यांनीच सांगितलं, आणि खरं सांगायचं तर फॉर्मच्या बाबतीत माझी सहानुभूती त्यांच्याकडे होती. मी पवईच्या एका कारखान्यात स्टोअरकीपर आहे. "काही" हा आकडा नाही हे मला पटतं. माझ्या घरी कुणी नुसतं "पोट दुखतंय" म्हटलं तरी मी विचारतो, कधीपासून, किती वेळा, कशामुळे. त्याशिवाय कळणार कसं?

तर त्या आठ आठवड्यांत त्या मुलीने बऱ्याच गोष्टी शिकवल्या. डोळे मिटून श्वास मोजायला सांगितलं. परबकाकांना ते जमलं नाही. "डोळे मिटले की घड्याळ दिसत नाय, मग मोजू कशाच्या आधारावर?" रोज रात्री दिवसभरातल्या तीन चांगल्या गोष्टी वहीत लिहायला सांगितल्या. त्यांनी इमानेइतबारे लिहिल्या. वही मी पाहिलीय. छप्पन्न दिवस एकच नोंद: "१. पाणी आले. २. पेपर आला. ३. मी वेळेवर उठलो." मध्ये दोन दिवस पेपरवाला आला नव्हता, तिथे "२. रद्द".

पण पाचव्या गुरुवारी तिने सांगितलं की काळजी दिवसभर पाठीशी लागत असेल तर तिला एक वेळ ठरवून द्या. रोज तीच वेळ, अर्धा तास. दिवसात काळजी आली की कागदावर एका शब्दात लिहा, तिला म्हणा, "तुझी वेळ अजून झाली नाही", आणि कामाला लागा. ठरलेल्या वेळेला कागद काढून हवी तेवढी काळजी करा. वेळ संपली की उठा.

परबकाका घरी आले ते दुसरेच होऊन आले. मला गेटवरच पकडून म्हणाले, "गायकवाड, चौतीस वर्षां मी हेच केला, आणि माका कोणी सांगितला नाय की हा मनाक पण लागू पडता."

तिने हे प्रत्येकाने स्वतःपुरतं करायला सांगितलं होतं. परबकाकांच्या डोक्यात हे शिरलंच नाही. डेपोतल्या माणसाला एक गाडी आणि एक टाइमटेबल असं सुचतच नाही. त्यांनी अख्ख्या इमारतीचं टाइमटेबल केलं. अर्ध्या तासात पाच गाड्या, प्रत्येकी सहा मिनिटं: पाच, पाच सहा, पाच बारा, पाच अठरा, पाच चोवीस. तक्ता पंपरूमच्या दारावर आतून लावला. वरती वार, बाजूला वेळा, चौकोनात फक्त खोलीचा नंबर. काळजी काय आहे ते लिहायचं नाही. ती आली आणि बोलून झाली तर निळ्या पेनाने "सुटली". वेळेपर्यंत ती मेलीच असेल तर लाल पेनाने "रद्द".

लोक येणार नाहीत असं मला वाटलं होतं. पहिल्या महिन्याचा तक्ता मी मुद्दाम बसून मोजला. एकसष्ट चिठ्ठ्या दिल्या गेल्या होत्या आणि त्यातल्या चौतीस रद्द. म्हणजे निम्म्याहून जास्त काळज्या संध्याकाळपर्यंत टिकल्याच नव्हत्या. मी बेरीज तीनदा केली. मला हसू यायला हवं होतं, पण मी तिथे पंपरूममध्ये नुसता उभा राहिलो. गेल्या पंचवीस वर्षांत मी सकाळी केलेल्या काळज्यांचा हिशेब कुणी लावला असता तर काय निघालं असतं, असं मनात आलं.

दुसऱ्या मजल्यावरच्या मोहितेवहिनी मुलीच्या बारावीच्या धास्तीने पहिल्यांदा बाकावर गेल्या तेव्हा मी गॅलरीतून पाहत होतो. वहिनी बोलता बोलता रडायला लागल्या. परबकाका अजिबात हलले नाहीत. "उगी, उगी" नाही, सल्ला नाही. घड्याळ मांडीवर. सहावं मिनिट भरलं आणि ते म्हणाले, "वेळ झाली. उरलेला उद्या पाच सहाला रडा." वहिनींचा हुंदका घशातच थांबला. त्या त्यांच्याकडे बघत राहिल्या, मग पदराने तोंड पुसून फस्सकन हसल्या. दुसऱ्या दिवशी पाच सहाला त्या हजर होत्या. आणि त्यांच्या हातात लाडवांचा डबा होता.

तीन महिन्यांनी ती शिकवणारी मुलगी विचारपूस करायला घरी आली. परबकाकांनी तिला अभिमानाने पंपरूममध्ये नेलं; मीही मागोमाग गेलो. तक्ता बघून ती खालीच बसली.

"काका, हे काय केलंत? हे तुम्ही तुमच्यासाठी करायचं होतं."

"मॅडम, घड्याळ सगळ्यांकडे असता. टाइमकीपर नसता."

"पण तुम्ही लोकांना काय सांगता?"

"काय सांगणार? मी गाडी सोडतो. चालवत नाय."

तिने त्यांना तासभर खोदून खोदून विचारलं. कुणाचं कुणाला सांगता का? नाही. औषधं सुचवता का? नाही. कुणी म्हणालं की आता जगावंसं वाटत नाही, तर काय करता? परबकाका म्हणाले, "तशी एक आली होती. सकाळी अकराला. चिठ्ठी नाय दिली. रिक्षात घातली आणि तुमच्याकडे आणली. तुम्ही तेव्हा सुट्टीवर होता म्हणून मोठ्या डॉक्टरांकडे बसवली. ती आली तेव्हापासून ती आत जाईपर्यंत मी घड्याळ बघितला नाय." आमच्या इमारतीत असं काही झालं होतं, आणि मला, सेक्रेटरीला, त्याचा पत्ता नव्हता. कोण ते मी आजतागायत विचारलेलं नाही. त्या मुलीने जाताना तक्त्याच्या खाली स्वतःचा फोन नंबर लिहिला आणि वर मोठ्या अक्षरांत लिहिलं: "काही काळज्या थांबवायच्या नसतात. त्या लगेच सांगा."

पण त्या दिवशी मला खरा धक्का बसला तो ती गेल्यानंतर. मी एकटाच तक्ता आणि त्यामागे टाचलेले जुन्या आठवड्यांचे तक्ते बघत होतो. मंगळवारच्या रकान्यात पाच अठराच्या चौकोनात नंबर होता चौदा. मागचा मंगळवार, चौदा. त्याच्या मागचा, चौदा. सलग सहा मंगळवार, सहाही निळे. सहाही सुटलेल्या.

चौदा नंबरची खोली माझी आहे.

मी गेलो नव्हतो. आमची केतकी कॉलेजातून सातच्या आत येत नाही. राहिली संगीता. मंगळवारी ती संध्याकाळी भाजी आणायला जाते, असं मला माहीत होतं. भाजी येतही होती. आमच्या घरात साखर किती उरली, इस्त्रीला किती कपडे गेले, हे मी झोपेतून उठून सांगेन. आणि सहा आठवडे माझी बायको पाच अठराला खाली बाकावर बसून एका परक्या माणसाला असं काहीतरी सांगत होती, जे रद्द होत नव्हतं.

मी सरळ तीन नंबरला गेलो. परबकाका कुकरच्या शिट्ट्या लिहीत होते.

"काका, संगीताचं काय चाललंय?"

"गाडी किती वाजता सुटली ता विचारा, सांगतो. गाडीत कोण बसला, काय घेऊन बसला, ता टाइमकीपर सांगत नाय."

"मी नवरा आहे तिचा."

"मग तिकाच विचारा."

ते मला जमलं नाही. म्हणजे मी प्रयत्न केला. जेवताना विचारलं, "मंगळवारी भाजीला किती वाजता जातेस तू?"

संगीताने आमटी वाढता वाढता माझ्याकडे पाहिलं. "का? भाजीचं पण टाइमटेबल करायचंय?"

"नाही. सहज."

"तुम्ही सहज कधीच काही विचारत नाही," ती म्हणाली आणि भात घ्यायला आत गेली.

पुढचे काही दिवस मी तिच्याकडे चोरून बघत होतो. दिसायला सगळं नेहमीसारखंच होतं. काहीतरी होतं आणि ते माझ्याखेरीज कुणालाही सांगण्यासारखं होतं, एवढंच मला कळत होतं. आजार असेल? माहेरचं काही? की मीच? मी एक चिठ्ठी मागावी असंही मनात येऊन गेलं. लाज वाटली.

त्या रविवारी सकाळी परबकाका आमच्या दारात आले. संगीता आंघोळीला गेली होती. ते आत आले नाहीत. उंबऱ्याबाहेर उभं राहून म्हणाले, "गायकवाड, माझा मोतीबिंदूचा ऑपरेशन. मंगळवारी. बाकावर तुम्ही बसा."

"एक दिवस बंद ठेवा की."

त्यांचा चेहरा असा झाला, जणू मी त्यांना खोटी सही करायला सांगितली. "वेळ दिलेली हा लोकांना. तिथे माणूस असायला हवा. एक दिवस, गायकवाड. मी कधी काय मागितला नाय तुमच्याकडे." या माणसाने गुरुजींकडून लेखी कारण घेतलं होतं, आणि आज तो माझ्याकडे विनवणी करत होता. मी हो म्हणालो.

लगेच त्यांचा सूर बदलला. "नियम. कोणाक काय सांगायचा नाय. आणि कधीपासून, किती वेळा, कशामुळे, ह्ये तीन शब्द तोंडातून काढायचे नाय."

"हे तुम्हाला कुणी सांगितलं?"

"अख्खी बिल्डिंग ओळखता तुम्हाला," ते म्हणाले आणि खाली उतरले.

मंगळवारी मी अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि चार छप्पन्नला बाकावर जाऊन बसलो. पाचला कुणी आलं नाही. मी लाल पेनाने रद्द लिहिलं. पाच सहाला मोहितेवहिनी आल्या, मला पाहून दहा पावलांवर थांबल्या.

"काका नाहीत?"

"मी आहे ना वहिनी. बसा."

"तुम्ही? नको, राहू द्या. माझी रद्दच लिहा." आणि गेल्या. पाच बाराचा चौकोन रिकामाच होता. खाडीकडून वारा येत होता आणि मी सतत घड्याळ बघत होतो. संगीता खाली येईल, मला बघेल आणि मोहितेवहिनींसारखीच परत जाईल, याची मला जवळजवळ खात्री होती. तेच बरं, असंही वाटत होतं.

पाच अठराला संगीता जिन्यातून बाहेर आली. हातात भाजीची पिशवी. मला बघून ती दचकली नाही. सरळ आली आणि बाकाच्या दुसऱ्या टोकाला बसली. पिशवी मांडीवर घेतली आणि पंपरूमच्या दाराकडे बघत बोलायला लागली.

"मी विसरायला लागलेय," ती म्हणाली.

माझ्या तोंडात "कधीपासून" आलं होतं. मी दात आवळले.

"गॅस सारखा चालू राहतो. एकदा समोरच्या घराला कडी लावून आले आणि आपलं दार उघडं. परवा बँकेत स्वतःचा फोन नंबर आठवेना, त्या पोरीसमोर. आईचं असंच सुरू झालं होतं. तेव्हा ती पन्नाशीचीही नव्हती. शेवटी मला ताई म्हणायची."

गेले चार महिने आमचा सिलिंडर सहा-सात दिवस आधी संपत होता. मी एजन्सीकडे वजन कमी भरतं म्हणून दोन तक्रारी केल्या होत्या. तारखांचं कोष्टक जोडून. मी त्या कोष्टकाकडे तासन् तास पाहिलं होतं, पण घरातल्या माणसाकडे पाहिलं नव्हतं.

"तुम्हाला सांगायचं होतं," ती म्हणाली. "पण तुम्ही वही काढली असतीत. आज काय विसरली, किती वाजता विसरली. वाईट म्हणून नाही, काळजीपोटीच. पण मग मी रोज त्या वहीत नापास झाले असते."

हे अगदी खरं होतं. मी नक्की वही काढली असती. मी काहीच बोललो नाही. न बोलणं इतकं जड असतं हे मला एकावन्नाव्या वर्षी कळलं.

तिने माझ्या मनगटाकडे पाहिलं. "सहा मिनिटं झाली."

"पाच चोवीसला कुणी नाही," मी म्हणालो.

"कशावरून?"

"तक्ता बघितला."

ती हसली. अगदी थोडी. आणि बसून राहिली. मी सरकून जवळ बसलो. "डॉक्टरकडे जाऊ या," असं मी म्हणालो आणि ती म्हणाली, "उद्या सकाळची वेळ घेतलीय. एकटीच जाणार होते." मग तिने पिशवीतून एक कागद काढून माझ्या हातात दिला. वेळ, पत्ता, डॉक्टरांचं नाव. सगळं तिच्या अक्षरात, विसरायला नको म्हणून तीनदा लिहिलेलं.

गेटशी रिक्षा थांबली. एका डोळ्यावर हिरवी पट्टी, नंदाच्या खांद्यावर हात, परबकाका उतरले. दुसऱ्या डोळ्याने त्यांनी बाकाकडे पाहिलं. आम्हा दोघांना पाहिलं. मग उगाचच रिक्षावाल्याशी सुट्ट्या पैशांवरून वाद घालायला लागले.

नंदा वैतागून आमच्याकडे आली. "बघा ना गायकवाडकाका, डॉक्टर म्हणाले घरी जाऊन पडा, तर यांना आधी इथेच यायचं. आणि हॉस्पिटलने बुधवार दिला होता. बुधवारी माझी सुट्टी असते, सगळं सोयीचं होतं. तर हे हटून बसले, मंगळवारच पाहिजे. तिथल्या बाईंशी भांडून तारीख बदलून घेतली. आयुष्यात कुणाचं टाइमटेबल बदललं नाही या माणसाने. मला रजा टाकावी लागली."

मी संगीताकडे पाहिलं. ती पिशवीचे बंद नीट करत होती. "मला रविवारीच सांगितलं होतं त्यांनी," ती हळूच म्हणाली. "या मंगळवारी बाकावर तुम्ही असाल म्हणून. यायचं की नाही ते मीच ठरवायचं म्हणाले." आणि सगळ्यांसाठी चहा टाकते असं सांगून ती वर गेली. नंदाही औषधांची पिशवी घेऊन तीन नंबरचं कुलूप काढायला गेली.

परबकाका चाचपडत बाकावर बसले. मी "मंगळवार का" असं विचारलं नाही. तो प्रश्नही त्या तीन शब्दांसारखाच होता.

"आमची मिसेस," ते म्हणाले, "जेवण वाढताना कायतरी बोलूक जायची. मी म्हणायचो, आता नाय, ड्युटीवरून आल्यावर. ड्युटीवरून आलो की मी झोपायचो. मग ती पण बोलायची बंद झाली." त्यांनी पट्टीच्या कडेला आलेलं पाणी बोटाने टिपलं. ऑपरेशनमुळेही असेल. "वेळ दिला नाय असा नाय, गायकवाड. रोज दिला. त्या वेळेला मीच तिथे नसायचो. काय सांगायचा होता तिका, ता राहिला."

आतून नंदाने हाक मारली. "बाबा, ड्रॉप्सची वेळ झाली. आत या."

परबकाकांनी ऐकलं, पण ते उठले नाहीत. मी घड्याळ काढून खिशात टाकलं आणि त्यांच्याकडे तोंड करून बसलो.